दत्ताच्या आंब्यातला साका

कणकवलीहून निघालेली एसटी सकाळी खोपटच्या डेपोत शिरली तेव्हा माझी कंबर माझी राहिली नव्हती. शेजारच्या बाईने रात्रभर माझ्या खांद्याची उशी केली, आणि उतरताना साधं 'येते हां' म्हणायचीही तसदी घेतली नाही. डेपोत आमच्याच बाजूच्या गाड्यांमधून आंब्याच्या पेट्या उतरत होत्या. एक हमाल त्या अशा आपटत होता की मला राहवेना.

"अरे बाबा, आंबे आहेत ते, विटा नव्हेत!"

"काकी, विटा बऱ्या," तो म्हणाला. "त्या नासत तरी नाहीत."

ठाण्यातलं माझं पहिलं संभाषण हे एवढंच. मी पिशवी उचलली आणि रिक्षा शोधायला निघाले.

मी सहलीला आले नव्हते. माझा धाकटा भाऊ दत्ता वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात उभा जन्म काढून निवृत्त झाला. नोकरीत असतानाच त्याने टिटवाळ्याच्या पुढे, काळू नदीच्या अंगाला, जमिनीचा एक तुकडा घेतला आणि आमच्या परसातल्या जुन्या हापूसच्या काड्या नेऊन तिथे कलमं बांधली. झाडं मोठी झाली, धरायला लागली, आणि मग काही वर्षांपासून आंब्यात साका निघायला लागला. आपल्या गाववाल्यांना साका काय ते सांगायला नको. घाटावर कुणी हे वाचलं तर त्यांच्यासाठी लिहिते. आंबा बाहेरून पिवळाधमक, वास घरभर, देठाशी डाग नाही. कापला की आत पांढरट, भुसभुशीत, कच्च्या भोपळ्यासारखा गर, आणि चव आंबट. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. सगळी हरामखोरी आतल्या आत.

एप्रिल सरता सरता दत्ताचा फोन आला. "बाय, तू ये. आंबो कापून बघ. झाडा ठेवूची की तोडूची, ता माका तुज्या तोंडातना ऐकूचा हा." (तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.) त्याच्या आजूबाजूचे सगळे तुकडे बिल्डरने घेतले होते, मध्ये याचाच राहिला होता. मुलगा 'देऊन टाका' म्हणत होता. आंब्यात जन्म घालवलेली बाई म्हणून मला बोलावलं जातंय, याचा मला, खोटं कशाला बोलू, थोडा गर्वच झाला. आमच्या बागेतले आंबे उतरवायचे बाकी असताना मी सुनेवर सगळं टाकून निघाले. निघतानाच मनाशी ठरवलं होतं, जमलं तर झाडं वाचवायची.

भाचा निलेश म्हणाला होता, "आत्या, तू डायरेक्ट माझ्या ऑफिसला ये, वागळेला. तिथून गाडीने घरी जाऊ." म्हणून खोपटहून रिक्षाने वागळे इस्टेट. मी इथे पूर्वी एकदा आले होते, दत्ताच्या कारखान्यातल्या दसऱ्याच्या पूजेला. तेव्हा सगळीकडे पत्र्याची छपरं, तेलाचा वास आणि भोंगे. आता काचेच्या इमारती, खाली कॉफीची दुकानं, आणि गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं सिगरेटी ओढत उभी. निलेशने मला रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "बाबांची कंपनी तिथे होती. ते गेट तेवढं राहिलंय बघ."

गेटच्या आत मोठा खड्डा होता आणि खड्ड्यात हिरवं पाणी. मला ती पूजा आठवली. दत्ताने मला त्याचं मशीन दाखवायच्या आधी जमीन दाखवली होती. "बघ बाय, हयसर भात वाढून जेव." (हयसर म्हणजे इथे.) लोखंडाचा एक चुरा पडला तरी तो वाकून उचलायचा. साहेब लोक पाहुण्यांना मुद्दाम त्याच्या विभागात आणायचे म्हणे. सगळ्या कारखान्यात स्वच्छ जमीन कुणाची, तर दत्तारामची. त्या खड्ड्याकडे बघून मला बरं वाटलं नाही, मी निलेशला म्हटलं, चल बाबा लवकर.

मुंब्र्याच्या बायपासवरून आम्ही शीळफाट्याला आलो आणि तिथे अडकलो ते अडकलोच. डोंगराचा कुरतडलेला कडा, पुढे मागे ट्रक, आणि गाडीत बसून घशात धूळ. निलेश स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता.

"आत्या, बाबा तुझं ऐकतात."

"लहानपणी ऐकायचा. हातात काठी असायची माझ्या."

तो हसला नाही. "मागच्या पावसात ते पडलेले तिकडे. शेजारच्या ताराबायने फोन केला म्हणून कळलं, नाहीतर तसेच राहिले असते. मी गेलेलो उचलायला. पाय मुरगळलेला, आणि मला काय सांगतात? आधी तो पाला उचल."

"मग काय म्हणणं तुझं? झाडं तोडावी?"

"मी काही म्हणतच नाही आता," असं म्हणून त्याने रेडिओ लावला. मला त्याचा रागच आला. आजकालची पोरं भांडण सुद्धा नीट करत नाहीत.

डोंबिवलीला वहिनी वाट बघत होती. सुमनवहिनी नातवाला सांभाळायला मुलाकडे राहते आणि दत्ता आठवडाभर तिकडे झाडांपाशी. तिने बांगड्याचं तिखलं केलं होतं, भात, सोलकढी, वर तळलेली मिरची. इतकं चवीचं जेवण की प्रवासाचा शीण निम्मा उतरला. पण मे महिना, घरधन्याची स्वतःची आंब्याची झाडं, आणि ताटात आंब्याची फोड नाही. मी विचारलं तर म्हणाली, "निलेशला उष्ण पडतो." निलेशला लहानपणी आमच्याकडे अख्खी पाटी एकट्याने संपवताना मी पाहिलंय. पण पाहुण्याने फार बोलू नये, म्हणून आणखी सोलकढी वाढून घेतली.

भांडी आवरताना वहिनीने हळूच विषय काढला. "वन्सं, उद्या तिकडे गेलात की आंबा चाखा, वाईट आहे म्हणा, आणि या. कापून-बिपून तपासत बसू नका."

"मग मला काय नैवेद्याला बोलावलंय?" माझा पारा चढला. "दत्ताने मला निकाल द्यायला बोलावलंय. खरं असेल ते सांगेन."

"तुमचं खरं मला माहीत आहे," ती म्हणाली आणि गॅसचा ओटा पुसायला लागली. पुसलेलाच ओटा ती पुन्हा पुन्हा पुसत होती. मी मनात म्हटलं, झालं, हिला पण टॉवरमधला फ्लॅट दिसायला लागला. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी तिच्याशी मनातल्या मनात खूप भांडले.

दुसऱ्या दिवशी निलेशने मला कल्याणला सोडलं. तिथून पुढे मी शेअर रिक्षाने गेले. शहाडचा पूल, उल्हास नदीचं काळपट पाणी, मग टिटवाळ्याचा देवळाकडे वळणारा रस्ता. पूर्वी टिटवाळा सोडलं की भाताची खाचरं आणि मधूनच वीटभट्ट्यांचा धूर दिसायचा. आता भट्ट्या बंद, खाचरांत भराव, आणि नजर जाईल तिथवर हिरवी जाळी लावलेले उंच सांगाडे. रिक्षावाल्याला मी सांगितलं, आंब्याच्या वाडीपाशी उतरव. त्याला वाडी माहीत नव्हती. त्याला माहीत होता सँपल फ्लॅट. त्याने मला सँपल फ्लॅटच्या दारात उतरवलं आणि गेला.

ऊन रणरणत होतं. दारातल्या टाय घातलेल्या पोराने मला थंड पाणी दिलं आणि "मॅडम, टू बीएचके की थ्री?" असं विचारलं. मी म्हटलं, "बाळा, मला आंब्याची झाडं हवीत." तर तो म्हणतो, "गार्डन आहे ना मॅडम, पोडियमवर." मी पाणी प्यायले आणि निघाले. पण एका सांगाड्यामागून दुसरा, सगळे सारखेच. दोनदा फिरून मी त्याच खडीच्या ढिगापाशी आले आणि तिथेच सिमेंटच्या पाइपावर बसले. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

डोक्यावर करवंदांची पाटी घेतलेली एक बाई समोर उभी राहिली. "कोनाकरं जायाचं हाय गो बाय?"

"दत्ताराम. आंब्याची झाडं आहेत त्यांची."

"आगो, झारूवाले बाबा!" (इथले आगरी लोक झाडूला झारू म्हणतात, गोडाला गोर.) "चल माझ्यासंगं." हीच ताराबाय, दत्ताची शेजारीण, तो पडला तेव्हा जिने फोन केला ती. वाटेत तिने मला करवंदं खायला दिली. मी विचारलं, झाडूवाले का म्हणता? "दुसरं काय म्हनू? सकालपासून झारू. पान परलं का बाबा धावला!"

आणि खरंच, दत्ताची वाडी बघून मी दारातच थबकले. कुंपणाच्या आत गेरू आणि चुना लावलेले बुंधे एका रांगेत, आणि झाडांखाली माती नाही. बुंध्याभोवती हातभर गोल सोडून सगळीकडे लाल-करडे पेव्हर ब्लॉक बसवलेले. त्यावर एक वाळकं पान नाही. चपलेतून तळव्याला चटका बसत होता. पश्चिमेला नव्या इमारतीची पांढरी भिंत, तिच्यावरचं ऊन उलटून झाडांवर पडत होतं.

दत्ता झाडू हातात घेऊनच पुढे आला. वाळला होता. गालांची हाडं वर आलेली. मला बघून त्याने आधी झाडू जागेवर ठेवला, हात धुतले, मग पाया पडला.

"इलंस बाय? बरा झाला."

"हे काय करून ठेवलंस रे?" मी ब्लॉकांकडे बोट केलं.

"पावसात चिखल होय. पान कुसता, किडे होतत, सरपटणारा दिसना नाय. आता कसा, साफ." त्याच्या चेहऱ्यावर तोच दसऱ्याच्या पूजेचा अभिमान. रोज उजाडताच झाडायचं, पाला पोत्यात भरायचा, गोणी कचऱ्याच्या गाडीत. झाडांखालची जमीन कारखान्यासारखी, भात वाढून जेव.

मग त्याने मला आंबे दाखवले. काही झाडांचे उतरवून झाले होते, काहींवर अजून होते. खालच्या फांद्या वाकून जमिनीपासून हातभर आलेल्या आणि त्यांना एकेक फळ असं की तळव्यात मावू नये. इतके मोठे हापूस आमच्याकडे सुद्धा क्वचित. त्याने घोसात एकच फळ ठेवून बाकीची कणीएवढी बारीक असतानाच काढली होती, पाणी हात आखडता न घेता दिलं होतं. फळ मोठं करायचं तंत्र त्याला बरोबर जमलं होतं. आणि उतरवायचंही ते पुरतं भरल्यावर. आपल्याकडे चौदा आणे तयार झाला की आंबा उतरवतात, सोळा आण्याची वाट बघत नाहीत. हा सोळा आणे भरू देत होता, काम कसं पुरं झालं पाहिजे म्हणून.

"मेळाव्याक नेलंय हेच," तो म्हणाला. कारखान्यातले जुने सोबती दर वर्षी ठाण्यात भेटतात. दत्ता दर मेमध्ये प्रत्येकाला आंबे नेऊन द्यायचा, सगळ्यात मोठे निवडून. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी तिथेच सुरी आणली आणि सगळ्यांसमोर आंबा कापला. एक, मग दुसरा, मग तिसरा. "कोण काय बोल्लो नाय गो. हसले पण नाय. पोरांनी तोंडातलो कागदार थुकलो, तेवढाच." गेल्या वर्षी तो मेळाव्याला गेलाच नाही.

त्याने हे सांगितल्यावर मला त्या सगळ्या म्हाताऱ्यांचा संताप आला. पण मग मी कामाला लागले. आधी फळांची टोकं बघितली, वीटभट्टीच्या धुराने टोक काळं पडतं म्हणून. टोकं स्वच्छ. पानं निरोगी. मोहोराला माश्या येत होत्या का विचारलं, तर म्हणे भरपूर. मग खोलीत आढी बघितली. दत्ताने क्रेट ओळीने लावले होते आणि खडूने लिहिलं होतं, 'वरचे', 'खालचे'. खालचे मोठे, एकसारखे. वरचे, शेंड्याकडचे, झेल्याने, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीने काढलेले, बारके, काहींना उन्हाचा तांबूस डाग.

"वरचे वेगळे कशाला ठेवलेस?"

"ते काय कोणाक देवचे? बारके. ते ताराबायक देतंय."

ताराबाय दारात टेकली होतीच. मी सुरी मागितली. खालच्या क्रेटमधला पिकलेला आंबा घेतला, वास घेतला, कापला. कोयीच्या भोवती पांढरा. दुसरा कापला, पांढरा. दत्ता माझ्या हाताकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. मी तिसरा कापला नाही. वरच्या क्रेटकडे वळले. बारका, डागाळलेला, कुणी हातात धरणार नाही असा एक उचलला आणि कापला.

आत केशर. कोयीपर्यंत. मी फोड तोंडात टाकली आणि मला आमचं परस आठवलं, आईच्या हातची पाटी आठवली. तोच तो आंबा. दुसरा कापला, तोही तसाच. तिसरा, चौथा. मी ताराबायकडे वळले. "तुमच्याकडे कधी आत पांढरा निघाला?"

"कवा नाय!" ती म्हणाली. "बारके हाईत पन कसे गोर! आमची पोरं कोय सोरत नाय."

मग माझ्या डोक्यात लख्ख झालं आणि मी बोलत सुटले. अहो, मला कोण आनंद! "दत्ता, अरे वेड्या, झाडांचा काडीचा दोष नाही! ही जमीन बघ तुझी. दुपारभर तापते, धग वर मारते, ती खाली लोंबणाऱ्या फळांना लागते. वरच्यांना वारा आहे. झाडाखाली पाला कशाला असतो रे? कचरा नाही तो, जमिनीचं पांघरूण आहे. आपल्याकडे लोक मुद्दाम गवत पसरतात, आणि तू पोत्यात भरून गाडीत टाकतोस! हे ब्लॉक उखड सगळे. पडेल तो पाला पडू दे. चौदा आण्यालाच आंबा उतरव, भल्या सकाळी. खालच्या फांद्या छाट. दोन हंगाम दे मला. साका निघाला तर माझ्या नावाचं कुत्रं पाळ!"

मी हसत होते. ताराबाय पण हसत होती. दत्ता क्रेटच्या कडेवर बसला होता आणि त्याने कापलेला आंबा हातात घेतला होता, वरचा. तो आंब्याकडे बघत राहिला. रस त्याच्या मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत आला, आणि हा माणूस, ज्याला लोखंडाचा चुरा खपत नव्हता, त्याने तो पुसला नाही.

"म्हणजे झाडा बरी होती," तो म्हणाला.

"होती काय? आहेत!"

"सही करून दिलंय बाय मी. शिमग्याच्या आधी."

मला आधी कळलंच नाही. मग तो हळूहळू बोलला. जमीन बिल्डरला देऊन झाली होती. या वर्षीचे आंबे उतरेपर्यंत थांबा, एवढंच त्याने मागून घेतलं होतं, ते त्यांनी मान्य केलं. आंबे उतरले की मशीन येणार. निलेशला माहीत होतं, वहिनीला माहीत होतं.

"मग मला कशाला बोलावलंस?" मी ओरडलेच. "ठेवायची की तोडायची ते सांग म्हणालास ना?"

"माका वाटला, तू वायट म्हणशील." तो अजून आंब्याशीच बोलत होता. "दोन आंबे कापशील आणि म्हणशील, दत्ता, झाडाच फुकट गेली, काढून टाक. तू म्हटलंस की मग काय नाय. मगे माका झोप लागली असती."

ताराबाय उठून गेली. मला वहिनीचा तो पुसलेला ओटा आठवला आणि माझी मलाच लाज वाटली. ती बाई माझ्यापुढे हात जोडायची तेवढी बाकी होती, आणि मी तिला फ्लॅटची हावरी ठरवून मोकळी झाले होते. मला दत्ताचाही राग आला. सही करायच्या आधी एक फोन केला असतास तर, असं जिभेच्या टोकावर आलं होतं. ते मात्र मी गिळलं. त्या दिवसात तेवढं एकच मी गिळलं.

जेवताना कुणाचंच जेवणात लक्ष नव्हतं. मी म्हटलं, जाताना काड्या घेऊन जाते, याच्यावरून नवी कलमं बांधू. तो म्हणाला, "तुज्याकडे आसा मा तीच झाडा. हेंची आवस थयच आसा." (तुझ्याकडे आहेत ना तीच झाडं. यांची आई तिथेच आहे.) ते खरंच होतं. काड्या नेल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, त्याला नाही.

संध्याकाळी वारा सुटला आणि पानं गळायला लागली. एकेक पान ब्लॉकवर पडायचं, सरकत जायचं. मी वाट बघत होते की दत्ता आता उठेल. तो पायरीवर बसून होता. झाडू भिंतीला टेकलेला होता. अंधार पडेपर्यंत झाडांखाली बराच पाला साठला. तो एकदाच म्हणाला, "पालो किती दिवस ठेवलो तर उपयोग होता?" मी म्हटलं, राहू दे रे आता, आत चल.

परतीच्या दिवशी तो मला टिटवाळ्यापर्यंत सोडायला आला. पिशवीत त्याने वरचे आंबे भरून दिले होते, गवतात नीट गुंडाळून. डोंबिवलीला वहिनी दारातच उभी होती. मी काही बोलायच्या आत तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांगितलंत ना?" मी मान हलवली. तिने मला रागावायला हवं होतं. तिने पाण्याचा तांब्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार, तुमचा स्वभाव." आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून ते आंबे खाल्ले. निलेश ऑफिसातून आल्यावर त्याने तीन खाल्ले, एकापाठोपाठ एक, आणि मग बेसिनपाशी जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

खोपटहून गाडीत बसले तेव्हा खिडकीची जागा मिळाली होती. पनवेल मागे पडेपर्यंत मी बाहेर काही पाहिलं नाही. फळ कशाने मोठं होतं, कशाने गोड होतं, यावर मी आमच्या गावच्या बायकांना दर वर्षी व्याख्यानं देते. ऊन, पाणी, वारा, विरळणी, उतरवायची वेळ. सगळं मला ठाऊक. पण माणसाला काय विचारायचं असतं आणि तो काय विचारतो, हे मला या वयातही कळत नाही. डॉक्टरने रोग बरोबर ओळखला, पण रोगी ते ऐकायला आलाच नव्हता.

घरी आल्यावर आमचे राहिलेले आंबे उतरवले. शेजारणी विचारायला आल्या, दत्ताचे आंबे कसे आहेत गो? मी म्हटलं, छान आहेत. आणखी काय सांगणार? माझ्या परसातल्या पाल्यावरून चालताना पायाखाली चरचर आवाज येतो, त्याकडे आधी कधी लक्ष गेलं नव्हतं.

मे संपत आला असताना एका सकाळी फोन वाजला. दत्ताचा. मागून घरघर ऐकू येत होती, मोठ्या इंजिनासारखी.

"बाय, मशीन इली हा."

"तू तिथे कशाला उभा राहिलास? घरी जा डोंबिवलीला."

"जातंय." घरघर वाढली. "बाय, झाडा वायटच होती मा गो?"

माझ्या मागे ओटीवर सून आंब्यांना फडकं मारत होती. तिने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"होय रे," मी म्हटलं. "वायटच होती. मी उगाच तुला बरं वाटावं म्हणून बोलले. कापून टाक."

"माका वाटलाच होता," दत्ता म्हणाला.

त्याने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. पहिलं झाड पडल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.